कोणी वारलं नाही, माझेच केस गेले

"काऊन वो बाई, घरी कोन वारलं?"

गाडी गोंदियाच्या स्टँडवरून निघून गोरेगावच्या रस्त्याला लागली होती. मी तिकिटं देत मागे सरकत होते आणि खिडकीतल्या वाऱ्याने माझा स्कार्फ डोक्यावरून मागे गेला होता. विचारणारे आजोबा मनाने वाईट नव्हते. त्यांना खरोखरच माझं वाईट वाटत होतं.

"कोनी नाही वारलं, बाबाजी. कोठी जाता?"

"नवेगाव बांध. त मग तिरुपतीले गेली होती का?"

"नाही."

"मग डोकं काऊन भादरलं?"

"भादरलं नाही. केस गेले. आजार आहे."

आजोबांनी तिकीट खिशात ठेवलं आणि शेजारच्या माणसाला, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "कॅन्सर दिसते."

मी एसटीत कंडक्टर आहे. गोंदिया ते अर्जुनी मोरगाव हा माझा नेहमीचा रस्ता, आणि अर्जुनीजवळच्या एका गावात माझं सासर. शाळेतली पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, कोर्टकचेरीची माणसं, सगळ्यांनी मला केसांसकट पाहिलेलं होतं आणि मग केसांशिवाय पाहिलं. ज्या बाईला हा आजार होतो ती निदान घरात बसून राहू शकते असं मला वाटायचं. मला रोज गाडीभर लोकांसमोर उभं राहावं लागत होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे एक प्रश्न आणि एक औषध होतं.

डॉक्टर या आजारावर लिहितात ते वेगळं. मला लिहायचंय ते, जी बाई आज उशीवरचे केस गोळा करून पदराच्या टोकात लपवते आहे, तिच्यासाठी. तिला सगळे सांगतील की काही होत नाही. होतं, बाई. बरंच होतं.

रुपयाएवढी जागा

पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या नणंदेने. पल्लवी माझ्यापेक्षा बरीच लहान, कॉलेज संपवून घरी बसलेली. रविवारी ती माझी वेणी घालून द्यायची, कारण माझे केस कमरेच्या खाली होते आणि एकटीला आवरत नसत. त्या दिवशी तिचा हात थांबला.

"वहिनी, इथं मागे काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

तिने माझं बोट धरून कानामागे नेलं. रुपयाएवढी जागा. गुळगुळीत, जशी लहान बाळाची टाच. मी दिवसभर त्या जागेवरून बोट फिरवत राहिले.

सासूबाईंनी पाहिलं आणि लगेच निदान केलं. "चाई पडली. किडा चाटून गेला असन."

त्यांचा स्वभाव कामाचा. एखादी गोष्ट दिसली की लगेच हात घालायचा. त्यांनी कुणाकडून तरी गुंजेच्या बिया आणल्या, दगडावर उगाळल्या आणि त्या जागेवर लावल्या. "झोंबन थोडं. झोंबलं म्हनजे लागू पडलं." थोडं नाही, चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले. फोड बरे होईपर्यंत शेजारी दुसरी चकती पडली, मग कपाळाजवळ तिसरी. सासूबाई म्हणाल्या, "आपन मधातच सोडलं, म्हनून पसरली."

"जान को कोई खतरा नहीं"

गोंदियाला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा सोबत नवरा होता. नरेश शेती पाहतो. धानाच्या बांधीत उभा असतो तेव्हा दिवसभर बोलेल, दवाखान्यात मात्र त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. तो खुर्चीत टोपी हातात घेऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. "यह जला कैसे?"

मी गुंज सांगितली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि समजावून सांगितलं. शरीराची आतली फौज असते ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते. किडा नाही, कोंडा नाही, कुणाचा स्पर्श नाही, कुणाला लागत नाही. परत येतील का? येतील, किंवा येणार नाहीत. येऊन पुन्हा जातीलही. आत्ताच सांगता येत नाही.

आणि मग त्या म्हणाल्या, "घबराइए मत. जान को कोई खतरा नहीं है."

त्यांना धीर द्यायचा होता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यात तेवढाच एक धोका असतो का? मरणार नाही म्हटलं की मला रडायची परवानगी संपली. त्या दिवसानंतर प्रत्येकाने मला तेच ऐकवलं. भाऊ म्हणाला, केसच तर आहेत. डेपोतली मैत्रीण म्हणाली, लोकांना काय काय होतं, तुझे तर केसच आहेत. बरं, केसच आहेत तर मग मला झाकून का ठेवता? एकाच तोंडाने "काही नाही झालं" आणि "पदर घे डोक्यावर" हे दोन्ही म्हणणाऱ्या माणसांना काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

दवाखाना आणि ड्युटी

मग दर महिन्याला सुया. डोक्याच्या कातडीत बारीक सुई टोचत टोचत जातात, शेतात रोवणी करत जावं तशी, ओळीने. कपाळाजवळ टोचताना डोळ्यांतून पाणी आपोआप येतं. बाकावर बसलेल्या बाया मुरुमांसाठी, डागांसाठी आलेल्या. त्या माझ्याकडे पाहत आणि स्वतःचे केस चाचपत. मी उठून हापशीवर तोंड धुवायची आणि थेट स्टँडवर जायची, कारण दुपारची गाडी माझी असायची. केसांसाठी रजा कोणत्या तोंडाने मागणार? डेपोतल्या साहेबांनी स्कार्फ बांधायला हरकत घेतली नाही, एवढं मात्र सांगायला हवं.

कधी कधी पांढरी लव उगवायची. घरात सगळे आनंदून जायचे. सासूबाई देवापुढे साखर ठेवायच्या. मग ती लव टॉवेलवर निघून यायची. केस जातात ते एकदाच जात नाहीत. आशा लावून पुन्हा पुन्हा जातात, आणि प्रत्येक वेळी घरातले माझ्याकडे असे पाहतात जणू मीच काहीतरी चुकीचं खाल्लं.

शेवटी भुवया गेल्या, आणि पापण्याही. याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. पापण्या दिसायला सुंदर म्हणून नसतात. कोहमाऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं असताना सगळी धूळ थेट माझ्या डोळ्यांत. भुवया नसल्या की घाम कपाळावर थांबत नाही, सरळ डोळ्यांत उतरतो. नाकातलेही केस जातात, मग नाक कधी वाहू लागलं ते कळत नाही. साधा, बिननंबरचा चष्मा घ्या. रुमाल दोन ठेवा. माझ्या मते हे दोन सल्ले लोक सुचवतात त्या कांद्याच्या रसापेक्षा जास्त कामाचे आहेत.

पेन्सिलने भुवया काढायला मी शिकले. मे महिन्यात एका बाजूची भुवई पुसली गेली आणि मी तशीच अर्जुनीपर्यंत गेले. कॉलेजची पोरं हसत होती. मला वाटलं, आपसात हसताहेत.

आणि कॅन्सर. तो सगळ्यांना हवा असायचा. बाया जागा द्यायच्या, कोणी हातात सफरचंद ठेवायचं. "कॅन्सर नाही वो, चाई आहे" असं म्हटलं की त्यांचा विरसच व्हायचा. काही जणी पुढे केलेला हात चटकन मागे घ्यायच्या. "लागते का ते?" कॅन्सर असता तर मी बिचारी झाले असते. चाई असल्यामुळे घाण झाले.

विग

विग नागपूरहून आणला. माझ्या जुन्या केसांसारखा नव्हता. खांद्यापर्यंतचा, टीव्हीवरच्या बायकांसारखा. नऊ वर्षांच्या माझ्या तन्वीला तो फार आवडला. ती म्हणाली, "आई, आता तू शाळेत येऊ शकते." म्हणजे आतापर्यंत येऊ शकत नव्हते.

उन्हाळ्यात विग म्हणजे डोक्यावर गरम तवा. आत खाज सुटते आणि खाजवता येत नाही. एकदा बाजाराच्या दिवशी गाडी गच्च भरली होती. कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून तो तिरपा झाला आणि मला कळलंच नाही. मी तशीच गर्दीतून वाट काढत राहिले. लोक माझ्याकडे पाहत होते, मी तिकिटं देत होते. इतक्या लोकांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही. शेवटी चिचगडहून आलेली एक म्हातारी मोहाच्या फुलांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला खुणेने वाकायला सांगितलं, दोन्ही हातांनी विग सरळ केला, स्वतःच्या पदराने माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "हं. दे आता तिकीट."

एक शब्द जास्त नाही. त्या सगळ्या वर्षात मला इतकं बरं कुणी वागवलं नव्हतं.

पाहुणे

पल्लवीला पाहायला गोंदियाचे पाहुणे येणार होते. मुलगा राईस मिलमध्ये हिशेबाला, घर चांगलं. आदल्या आठवड्यात सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. भाजी निवडता निवडता बोलल्या.

"त्या दिवशी तुही ड्युटी आहे का?"

"नाही. सुट्टी घेतली आहे ना."

"घेऊ नको. ड्युटीवर जाजो."

मला कळलं. तरी विचारलं. "काऊन?"

"पोरीचं पाहून राहिलो. त्याहिले वाटन, घरात काही रोग आहे."

"आई, मी सून आहे या घरची. माझं रक्त पल्लवीत कोठून येणार?"

"लोकं इचार करत नाही. बोट दाखवतेत."

मी नरेशकडे पाहिलं. तो ओट्यावर बसून मोटरपंपाचा वॉशर बदलत होता. त्याने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "एकच दिवस आहे."

मी सुट्टी रद्द केली आणि मला सकाळची गोंदिया-अर्जुनी गाडी मिळाली. त्या दिवशी विग घातला नाही. कुणासाठी घालायचा? स्कार्फ बांधला. गाडी सुटता सुटता एक ठसठशीत बाई आणि एक सफारीवाले गृहस्थ चढले. बाईंनी आमच्या गावाचं तिकीट मागितलं. मग सांगू लागल्या, मुलगा मोटारसायकलने मागून येतोय, आम्ही मुलगी पाहायला चाललो. माझा हात मशीनवरच थांबला.

पुढे रस्ताभर त्या माझ्याशी बोलत होत्या, कारण माझी सीट त्यांच्या समोर होती. माझ्याकडे नीट पाहून त्यांनी सरळ विचारलं, "चाई का?"

"हो."

"माह्या बहिनीले होती. लई रडे ते. औषध सुरू आहे ना?"

"सुरू आहे."

"बरं." मग आवाज खाली करून, "तू त या रस्त्यानं रोज येते. ते घर कसं आहे वो? मानसं कशी?"

आमचा ड्रायव्हर देवराजभाऊ, ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी सगळं बोलून टाकावंसं वाटलं. म्हणावं, त्या घरात एक सून आहे, तिला आज लपवलंय, ती तुमच्यासमोर बसली आहे. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"पोरगी लई चांगली आहे," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

गावाच्या फाट्यावर मी त्यांना उतरवलं, कोणत्या गल्लीने जायचं ते हात करून दाखवलं आणि घंटी मारली. माझ्याच घराकडे जाणारे पाहुणे मागच्या काचेतून लहान होत गेले.

साखरपुडा

त्यांना घरी काय सांगितलं गेलं ते मला नंतर कळलं. मोठी सून माहेरी गेली, तिची आई आजारी आहे. वर भिंतीवरचा आमचा फोटो दाखवला, लांब वेणीवाला. पल्लवी पसंत पडली. साखरपुड्याला मात्र मी घरात नसणं शक्य नव्हतं, म्हणून फर्मान निघालं: विग घाल आणि पुढे पुढे करू नको.

मी घातला नाही. भांडले नाही, समजावलं नाही. साडी नेसले, पदर डोक्यावरून घेतला, भुवया काढल्या नाहीत, आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले.

मुलाच्या आईने कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. "तू त कंडक्टर बाई."

"हो. मी मोठी सून."

सासूबाई काहीतरी बोलू लागल्या. त्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "केसाचं मले काही नाही. माह्या बहिनीचं मी पाहिलं आहे. पन तुमी म्हनलं सून माहेरी गेली. अन् इनंच मले रस्ता दाखवला. आनखी का का लपवलं, ते सांगा."

ते लोक साखरपुडा न करता उठले.

गाडी गल्लीबाहेर जाते न जाते तोच सासूबाई माझ्यावर फिरल्या. "झालं समाधान? तुह्या केसापायी पोरीचं लगन मोडलं!"

"माझ्या केसांपायी? त्या काय म्हणाल्या ते ऐकलं ना तुम्ही?"

"विग घातला असता त का बिघडलं असतं?"

मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात ओरडले. म्हटलं, मी खोटं बोलले नाही, मला लपवा म्हटलं नाही, माझे केस मी उपटले नाहीत. तन्वी दारात उभी राहून रडू लागली. नरेश उठून विहिरीकडे गेला. मला सासूबाईंपेक्षा त्याचा जास्त राग आला.

लग्न मोडलं नाही ते पल्लवीमुळे. दोन दिवसांनी ती माझ्याच गाडीत चढली, कडेच्या सीटवर बसली, आणि मी तिकीट काढू लागले तर म्हणाली, "गोंदिया. एक." घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे ती थेट मुलाच्या घरी गेली. काय बोलली ते तिने मला थोडक्यात सांगितलं: खोटं बोललो हे खरं आहे, माझ्या वहिनीला लपवलं हे त्याहून वाईट आहे, आणि मी गप्प बसले हेही खरं आहे. आता तुम्ही नाही म्हणा, पण वहिनीमुळे म्हणू नका. मुलाच्या आईने तिला जेवायला वाढलं.

लग्न झालं. मी विग न घालता सगळीकडे वावरले. कुणी विचारलं की सासूबाई चटकन पुढे होऊन सांगायच्या, "गोळ्याची रिॲक्शन आली तिले." एक खोटं संपलं, दुसरं सुरू. माफी त्यांनी मागितलेली नाही. मागतील असं वाटत नाही. मी वाट पाहणं सोडलं आहे, राग सोडलेला नाही.

सध्या

लग्नानंतर डॉक्टरीणबाईंनी नव्या गोळ्यांबद्दल सांगितलं. गुण येईल, न येईल. रक्त तपासत राहावं लागेल. मी म्हटलं, सध्या थांबते. थकले आहे. त्यांनी जबरदस्ती केली नाही. तुम्हाला घ्याव्याशा वाटल्या तर जरूर घ्या, आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या. माझं थांबणं हा सल्ला नाही. घरी सासूबाई चिडल्या. नरेश ताटावरून उठून बैल बांधायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला मोटारसायकलने स्टँडवर सोडायला निघाला. तलावाच्या पाळीवरून जाताना, समोर पाहत, मला पाठ दाखवून, तो एकदम म्हणाला, "मले आठवते."

"काय?"

"तुहे केस. आंघोळ करून अंगनात वाळवत उभी राहे तू. मी बैलाले पानी पाजाच्या निमित्तानं येऊन पाहो. मले लई आवडे ते."

मी त्याच्या शर्टाला धरून बसले होते. हात घट्ट झाले.

"मग इतके दिवस काऊन नाही बोलला?"

"डॉक्टर म्हने टेन्शन देऊ नका. अन् मले वाटलं, बोललो त तुले वाटन, आता मी आवडत नाही म्हनून." त्याने गाडी हळू केली. "मलेही वाईट वाटून राहिलं, वैशाली. कोनाले सांगू?"

त्याने गाडी बाजूला घेतली. तो उतरला आणि रडू लागला, शर्टाच्या बाहीने नाक पुसत, वेड्यासारखा. मग मीही रडले. इतक्या लोकांनी मला धीर दिला होता. माझ्या केसांसाठी रडणारा हा पहिलाच माणूस.

मागून सायकलवर गवताचा भारा घेऊन एक माणूस आला. त्याने ब्रेक लावला, एक पाय टेकवला. "का झालं भाऊ? गाडी बंद पडली का?"

मला वाटलं, नरेश आता तोंड फिरवेल, काहीतरी सांगून त्याला पुढे पाठवेल. त्याने डोळे पुसले आणि सरळ त्या माणसाकडे पाहिलं.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "बायकोचे केस गेले, भाऊ. म्हनून रडून राहिलो."